रोबोची दृष्ट

मी जळते, असं पुतळाबाईचं म्हणणं. पुतळाबाई माझी मावससासू. आमच्या उमेळे गावात जी काही थोडी वाडी उरली आहे तिथली केळी, पडवळ, अळू टोपलीत घालून ती रोज सकाळी आमच्या बिल्डिंगच्या गेटवर बसते आणि भाजीबरोबर अक्कलही देते, तीसुद्धा न मागता. "जयवंते, जळू नको गो," मला म्हणाली, "धूर दुसऱ्या माळ्यापरत जाते."

दुसऱ्या माळ्यावर स्वप्ना राहते. मी जळायला ती कोण लागून गेली? मला राग येतो, एवढंच. कोणीतरी यावं, दुसऱ्याच्या दारातली पोरं उचलून न्यावीत आणि वर जिन्यात भेटल्यावर गोड हसावं, याचा राग येणार नाही तर काय होणार?

नीट सांगते. ही बिल्डिंग आमच्या सासऱ्यांच्या वाडीतच उभी आहे. बिल्डरने आम्हाला तळमजल्यावर घर दिलं आणि मी तिथे पाळणाघर उघडलं. बिल्डिंगीतले आईबाप अंधारात मुंबईला निघतात ते दिवेलागण झाल्यावर परततात. मधला सगळा दिवस ती पोरं माझी असतात. भरवायचं, झोपवायचं, भांडणं सोडवायची, कोणी किरकिर करायला लागलं की दृष्ट काढायची. दृष्टीला मात्र पोरं कधी नाही म्हणत नाहीत. मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या मुठीत घेऊन मी उतरवते आणि मग सगळी स्वयंपाकघराच्या दारात नाक धरून उभी राहतात. मिरच्या जळून ठसका लागला, तर दृष्ट नव्हतीच. नाही लागला, तर दृष्ट भारी होती. पोरांना ठसका नको असतो. आपल्याला कोणाची तरी भारी दृष्ट लागावी असं प्रत्येकाला वाटतं.

त्या पोरांत आर्या माझी सर्वांत जुनी. तिची आई रोशनी, तिने आर्याला तीन महिन्यांची असताना माझ्या मांडीवर ठेवलं. आता चौथीची परीक्षा झाली. आर्याला भात आणि वरण एकमेकांना लागलेलं चालत नाही. दुपारी झोपताना तिला हातात काहीतरी मऊ लागतं, माझा पदर किंवा उशीचं टोक. आणि तिला भीती वाटली की तिच्या पोटात दुखतं. तेव्हा ओवा द्यायचा नाही, काय झालं म्हणून विचारायचंही नाही. जवळ बसवायचं आणि भिजवलेले वाल सोलायला द्यायचे. वाटीचा तळ झाकेपर्यंत पोट आपोआप थांबतं. हे तिच्या आईलाही माहीत नाही. तिने पोरीला माणिकपूरच्या डॉक्टरकडे नेऊन पोटाची सोनोग्राफीसुद्धा केली होती. मी मुद्दाम लपवलं असं नाही. तिने विचारलं नाही.

तर अशी ही आर्या, आणि तिला त्या स्वप्नाने पळवली.

स्वप्ना पुण्याकडची. कुठल्याशा कंपनीत यंत्रं बनवायची, ते सोडून आमच्याकडे राहायला आली, आणि आल्या आल्या मे महिन्याच्या सुट्टीत तिने गेटवर कागद डकवला: मुलांनो, चला रोबो बनवूया. मला वाटलं, चार दिवसांचा उत्साह, कंटाळतील. कसली कंटाळतात! दुपारची झोप संपायच्या आत एकेक डोळे उघडून घड्याळाकडे बघायला लागलं. माझ्याकडचा धनेश, जो दूध प्यायला अर्धा तास लावतो, तो एका दमात पेला रिकामा करून जिना चढायला लागला. पाळण्यातली दोन तान्ही तेवढी राहिली, त्यांना चढता येत नव्हतं म्हणून.

रोबो बनवायला डबा लागतो म्हणून आर्या माझ्याकडेच आली. ती पहिलीत असताना मी तिला घेतलेला गुलाबी टिफिनचा डबा तिने मागितला. मी त्यात तिला किती उपमा भरून दिला असेल! त्याला स्वप्नाने खाली खेळण्यातली दोन चाकं लावली, समोर दोन गोल डोळे बसवले, आत तारा आणि सेल. पोरांनी त्याचं नाव ठेवलं डबूराव. डबूराव काय करायचा, तर बॅटरीचा उजेड दाखवला की उजेडामागे चालायचा. बस, एवढंच. मला हे कौतुक कळेना. आमचा बोका हाक मारली तरी येतो आणि त्याला सेल लागत नाहीत.

"मावशी, रोबो म्हणजे माणसासारखा पुतळा नसतो काही," आर्या मला शिकवायला लागली. "जे स्वतः बघतं, स्वतः ठरवतं आणि मग काम करतं ते रोबो. आपल्या टाकीचा पंप माहितीय? टाकी भरली की आपोआप बंद होतो तो? तो पण थोडासा रोबोच."

तो पंप मला चांगला माहीत आहे. पूर्वी टाकी भरून वाहायला लागली की अख्खी बिल्डिंग वॉचमन रामूच्या नावाने ओरडायची आणि रामू चहा टाकून पळायचा. ते यंत्र बसल्यापासून त्याला कोणी हाकच मारत नाही. विचारलं तर म्हणतो, आराम आहे. तोंड मात्र आराम असलेल्या माणसासारखं नसतं.

एकदा आर्या दोन वाट्या घेऊन माझ्यासमोर बसली. मी वाल सोलत होते. स्वप्नाताईने घरचा अभ्यास दिला होता: घरातली कुठली कामं रोबो करेल आणि कुठली नाही, ते शोधायचं. करेल त्याचा वाल एका वाटीत, नाही करणार त्याचा दुसऱ्या.

"सांग, दिवसभर तू काय काय करतेस?"

"भात लावते."

"रोबो करेल. तसा कुकर निघालाय, आपोआप बंद होतो." टप्पकन एक वाल पहिल्या वाटीत.

"केर काढते."

"करेल. परदेशात चपटा रोबो असतो, घरभर फिरून केर काढतो. स्वप्नाताईने फोटो दाखवला."

"पाळणा हलवते. दुधावर लक्ष ठेवते. कपडे धुते."

"ते तर सोप्पं आहे." टप, टप, टप.

"तुम्हाला ओरडते," मी म्हटलं. आता माझा आवाज चढला होता.

आर्याने गंभीरपणे विचार केला. "ते पण करेल. टेप लावून ठेवायची."

पहिली वाटी भरत चालली. माझं काम पोरगी माझ्यासमोर बसून एकेक करून त्या डब्याला देऊन टाकत होती, तेही हसत हसत. शेवटी मी म्हटलं, "दृष्ट काढते. ते करतो का तुझा डबूराव?"

आर्या थांबली. "नाही. ते नाही करणार." आणि तिने दुसऱ्या वाटीत वाल टाकला. एक वाल. एवढी वर्षं पोरं सांभाळून माझ्या वाट्याला एक वाल आला. मी दोन्ही वाट्या एकत्र करून बिरडं फोडणीला टाकलं. आर्या म्हणाली, "मावशी, आता मी ताईला काय दाखवू?" मी म्हटलं, "दाखव जा तुझ्या स्वप्नाताईला, खाऊन बघ म्हणावं."

त्याच आठवड्यात रोशनी आर्याला न्यायला आली ती चपला न काढता दारातच उभी राहिली. माणसाला नको ते सांगायचं असलं की तो चपला काढत नाही.

"जयवंतीताई, जूनपासून आर्याला शाळेतून आल्यावर वर स्वप्नाकडेच ठेवावं म्हणते. आता पाचवी. अभ्यासही होईल आणि तिला त्या रोबोची गोडी लागलीय. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"छे," मी म्हटलं, "मला काय! पाळणाघर आहे, पोरं मोठी व्हायचीच." आणि आत जाऊन तासलेलं पडवळ पुन्हा तासत बसले.

दुसऱ्या दिवशी पुतळाबाईला सांगितलं. ती अळूच्या जुड्या बांधत होती. म्हणाली, "पोरीला दूध पाजलंस काय? नाय ना. मग कसली रडते? पानी वाहत्या बाजूला जायाचंच." मी तिच्याकडचं अळू न घेता परत आले. रात्री त्या अळूची आठवण येऊन आणखी राग आला.

सुट्टी संपत आली तेव्हा स्वप्नाने कार्यक्रम ठेवला. बिल्डिंगखाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या, आईबापांना रविवारी संध्याकाळी बोलावलं. कोणाच्या तरी भावाचा व्हिडिओचा धंदा होता, तो कॅमेरा आणि हॅलोजनचा मोठा दिवा घेऊन आला. मला स्वप्ना स्वतः बोलवायला आली होती. "तुम्ही पुढे बसा हं, मुलांना बरं वाटेल." मी म्हटलं, "बघते. तान्ह्यांना कोण बघणार?" रविवारी तान्ही त्यांच्या आयांकडे असतात हे तिलाही माहीत होतं. 

मी गेलेच नाही. माझ्या खिडकीतून पार्किंग दिसतं, तिथे उभी राहून बघितलं. आर्या नवीन फ्रॉक घालून मध्ये आली. माइकवर बोलली, रोबो म्हणजे काय, पंप म्हणजे काय, उद्या आपल्या घरात काय काय येईल. एवढीशी पोर, पण कुठे अडखळली नाही. रोशनी डोळे पुसत होती, आणि सगळे स्वप्नाकडे वळून वळून बघत होते. 'केवढं शिकवलं हो पोरांना!' बोलायला त्या पोरीला कोणी शिकवलं? 'मावशी' हा पहिला शब्द तिने कोणाकडे बघून म्हटला? ते कोणी विचारलं नाही. माझ्या छातीत असं काही पेटलं, की मी खिडकीचा गज धरून मनात म्हटलं, बंद पडू दे मेलं ते. चार लोकांत फजिती होऊ दे.

आणि झाली.

आर्याने डबूराव जमिनीवर ठेवला, बॅटरी पेटवली आणि चालायला लागली. डबूराव जागचा हलला, पण तिच्या मागे गेला नाही. गर्रकन वळला आणि थेट व्हिडिओवाल्याच्या पायाकडे निघाला. आर्याने उचलून परत ठेवला. परत तेच. व्हिडिओवाला मागे सरकला तर हा त्याच्या मागे. पोरं हसली, मग मोठी माणसंही हसली. तिसऱ्यांदा तो खुर्चीवर आपटला आणि एक चाक नुसतं फिरत राहिलं. स्वप्ना पुढे आली, तोंड उतरलेलं, डोळे मिटून काहीतरी आठवायचा प्रयत्न करत होती. तेवढ्यात आर्याने डबा छातीशी धरला आणि पळत सुटली.

ती जिन्याकडे नाही गेली, आईकडेही नाही गेली. माझ्या दारात आली.

"मावशी, माझ्या पोटात दुखतंय."

मी काही विचारलं नाही. वाल भिजवलेले नव्हते त्या दिवशी, म्हणून लसूण दिला सोलायला. मागोमाग धनेश आला, आणखी पोरं आली, कार्यक्रम बघायला आलेली पुतळाबाई टोपलीसकट आली आणि सर्वांत शेवटी स्वप्ना येऊन दाराच्या चौकटीशी उभी राहिली. त्याच वेळी वीज गेली. दोन हजार सहाच्या त्या उन्हाळ्यात वीज रोज संध्याकाळी जायचीच. बाहेर पार्किंगमध्ये अंधार झाला, हॅलोजन विझला, खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. मी देवापुढचं निरांजन उचलून आणलं. घरात तेवढाच उजेड होता.

"डबूरावला दृष्ट लागली," धनेश म्हणाला. "काल वर किती मस्त चालत होता."

आर्याचा लसूण सोलणारा हात थांबला. "मावशी, काढ ना त्याची दृष्ट. तू एकटीच काढतेस."

आता काय सांगू? कोणाची लागली ते मला माहीत होतं. खिडकीचा गज अजून हाताला जाणवत होता. पण पोरं गोल करून बसलीसुद्धा, आर्याने डबूरावला मध्ये जमिनीवर ठेवलं, आणि पुतळाबाईने मिठाची बरणी माझ्या पुढ्यात सरकवली. तिचं तोंड असं होतं, की मला तिला बरणीत घालावंसं वाटलं.

डाव्या हातात निरांजन, उजव्या मुठीत मीठ, मोहरी, मिरच्या. आमच्या सासूबाईंची रीत अशी, की नुसतं 'आल्यागेल्याची' म्हणून भागत नाही. ज्याने ज्याने पाहिलं त्याचं नाव घ्यायचं. एक नाव सुटलं तर त्याची दृष्ट मागे राहते. पोरांना ही रीत तोंडपाठ.

"आल्याची, गेल्याची," मी उतरवायला लागले, "रामूची, व्हिडिओवाल्याची, धनेशची, पुतळाबाईची, रोशनीची, वरच्या माळ्यावरच्यांची, खुर्चीवर बसलेल्यांची, उभ्या राहिलेल्यांची, जिची जिची लागली असेल ती मिठामोहरीत जळून जावो."

मूठ जमिनीला टेकवायला वाकले, तर आर्या म्हणाली, "थांब. तुझी राहिली."

"माझी कुठली?"

"तू नाही का बघितलंस? तू खिडकीत होतीस. मी बोलताना तुझ्याकडेच बघत होते."

तिने मनात काही धरून म्हटलं नव्हतं. नावं मोजत होती, एक कमी पडलं, एवढंच. पण माझी मूठ हवेतच राहिली. पुतळाबाई एकदम पंख्याकडे बघायला लागली, जो बंद होता. स्वप्ना दारात होती, तिने मान खाली घातली. तिला कळलं होतं. मला वाटतं, तिला पहिल्या दिवसापासूनच कळत होतं.

"माझी," मी म्हटलं. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "जयवंतीची. जास्त करून जयवंतीचीच."

आणि वाकले. निरांजन खाली आलं तसा डबूराव हलला. आधी थोडा, मग नीट वळला आणि माझ्या बाजूला यायला लागला. मी हात उजवीकडे केला तर तो उजवीकडे. डावीकडे केला तर डावीकडे. पोरं किंचाळली. मी घाबरून मागे सरकले तर तो डबा माझ्या मागोमाग येऊन माझ्या पायाच्या अंगठ्याला लागला आणि तिथे ढुशा देत राहिला.

"हॅलोजन!" स्वप्ना ओरडली. "अगं, हॅलोजन! तो उजेडाकडे जातो. बॅटरीपेक्षा हॅलोजन मोठा होता, म्हणून तो व्हिडिओवाल्याकडे जात होता. मला सुचलंच नाही!"

म्हणजे दृष्ट नव्हतीच, असं तिचं म्हणणं. असेल. मी वाद घातला नाही. पोरांनी डबूराव उचलला आणि सगळी बाहेर धावली. मग अंधारात, घरी जायला उठलेल्या आईबापांना परत बसवून, आर्याने बॅटरी पेटवली आणि डबूराव तिच्या मागे मागे पार्किंगच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. टाळ्या मला घरात ऐकू आल्या. टाळ्या स्वप्नासाठीच होत्या आणि मला पुन्हा राग आलाच. एकदा उतरवून जाईल असली ती चीज नाही.

मी मूठ घेऊन स्वयंपाकघरात गेले. तव्यावर मिरच्या टाकल्या. चांगल्या लाल, तिखट मिरच्या होत्या, चरचरल्या, काळ्या पडल्या. पुतळाबाई बाजूला उभी होती. आम्ही दोघींनी वाट बघितली. ठसका लागला नाही. ना तिला, ना मला.

"भारी व्हती," पुतळाबाई म्हणाली आणि टोपली उचलून निघून गेली.

थोड्या वेळाने स्वप्ना परत आली. चपला बाहेर काढून आत आली. "मावशी, मी एक विचारू? आर्या आता माझ्याकडे असेल. मला यंत्रांचं कळतं, पण लहान मुलांचं... वर काही बिनसलं की सगळी तुमच्याकडे पळतात. तिचं काय, कसं, सांगाल का मला?"

पहिल्यांदाच कोणीतरी मला विचारत होतं. मी तिला पाटावर बसवलं. "बस," म्हटलं. "तिचा भात आणि वरण वेगळं वाढत जा, लागलेलं चालत नाही तिला. दुधावरची साय काढत जा. दुपारी झोपली तर हाताशी काहीतरी मऊ ठेव, नाहीतर दचकून उठते. ओरडलीस तर चालेल, पण दुसऱ्या पोरांसमोर नको. आणि केस विंचरताना डाव्या बाजूने सुरू कर."

ती एकेका गोष्टीला मान हलवत होती. पोर हुशार आहे, लक्षात ठेवेल सगळं. "अजून काही?" तिने विचारलं.

मी निरांजनाची वात सारखी केली.

"नाही," मी म्हटलं. "एवढंच."

पोटात दुखण्याचं मी नाही सांगितलं. दुखलं की येईल ती खाली. दुसऱ्या दिवसापासून मी रोज रात्री मूठभर वाल भिजत घालायला लागले.